नागपूरच्या बालवर्गात शरद ऋतू: मेपलचे पान नको, प्राजक्ताचे फूल दाखवा

ऑक्टोबर लागला की शहरातल्या अनेक नर्सरी आणि केजीच्या वर्गांत एक ठरलेला तक्ता भिंतीवर चढतो. वर ‘ऑटम’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले, खाली पंजाच्या आकाराची लाल-पिवळी पाने, एक भोपळा, एक खार आणि स्वेटर-मफलर घातलेली मुले. वर्गात पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो. बाहेर दुपारचा पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि शाळेच्या आवारातला कडुनिंब हिरवागार उभा असतो. मुलांना मात्र सांगितले जाते की हा पाने गळण्याचा ऋतू आहे, आता हवा गार होते. मग त्यांच्याकडून कागदावरच्या पानात लाल रंग भरून घेतला जातो.

आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी बालवर्गातल्या एका तक्त्याकडे कशाला लक्ष द्यावे, असे कुणी विचारेल. आम्हाला त्याकडे लक्ष देणे गरजेचे वाटते. चार वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नसते. त्याने डोळ्यांनी पाहिलेले आणि घरात ऐकलेले तेवढेच त्याचे. बाई विचारतात, पाने कधी गळतात? मूल म्हणते, होळीच्या वेळी, आजी अंगण झाडून थकते तेव्हा. नागपुरात हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. तक्त्याप्रमाणे ते चूक ठरते. तुला दिसते ते खरे नाही, छापलेले असते तेच खरे, हा धडा त्या मुलाला अक्षरओळखीच्या आधीच मिळतो. ज्या घरात आई-वडील इंग्रजी शाळेची पायरी पहिल्यांदाच चढत आहेत, तिथे शाळेला उलट विचारणारेही कुणी नसते. तथागतांनी आपल्या धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. हा शब्द आपण वंदनेत रोज म्हणतो. तो चार वर्षांच्या मुलालाही लागू आहे.

यात ताईंना किंवा बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. छापील संच बाहेरून येतो, वेळापत्रक वरून येते, पगार तुटपुंजा असतो. पण आपल्या विहारांत रविवारचे धम्मवर्ग चालतात, काही ठिकाणी बालवाड्याही चालतात, आणि तिथे कोणता तक्ता लावायचा हे आपल्याच हातात असते.

एका शब्दाचा गोंधळ

‘ऑटम’ या शब्दाला मराठीत ‘शरद’ हा शब्द सर्रास वापरला जातो. महिन्यांचा हिशेब पाहिला तर तो फारसा चुकीचा नाही. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. गोंधळ चित्रात आहे. पानगळीचे चित्र आपल्याकडे शरदाचे नाही, शिशिराचे आहे. शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन. शब्द शरदाचा घेतला, चित्र थंड देशातले घेतले, आणि ते चित्र आपल्याकडच्या शिशिराशी थोडेफार जुळते. एका कागदावर तीन वेगळ्या गोष्टी आल्या. मोठी माणसे यातून वाट काढतात, लहान मूल काढू शकत नाही.

पाने का गळतात हे शिकवणाऱ्याला तरी नीट माहीत असावे. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा साडेतेरा तासांच्या आत असतो. लंडनमध्ये हेच अंतर ८ तासांपासून साडेसोळा तासांपर्यंत जाते. तिकडे सप्टेंबरनंतर उजेड झपाट्याने कमी होतो, मग गोठवणारी थंडी येते. अशा हवेत मऊ पाने सांभाळणे झाडाला परवडत नाही. झाड पानांतले कामाचे द्रव्य आत ओढून घेते, हिरवा रंग मोडतो, खाली दडलेला पिवळा दिसू लागतो, काही झाडे लाल रंग नव्याने तयार करतात. देठाच्या मुळाशी बुचासारखा थर तयार होतो आणि पान सुटते. जपानमध्ये क्योटोच्या बुद्ध विहारांभोवतीचे मेपल नोव्हेंबरात असेच लाल होतात. ते दृश्य सुंदरच आहे, त्याच्याशी आमचे भांडण नाही.

नागपूरच्या झाडाची अडचण वेगळी आहे. त्याला थंडी मारत नाही, तहान मारते. ऑक्टोबरात जमीन ओली असते, तलाव भरलेले असतात, म्हणून पाने टाकायची त्याला गरज नसते. हिवाळाभर ओल कमी होत जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा तापू लागली की पानांवाटे उडणारे पाणी झाडाला झेपत नाही. तेव्हा कडुनिंब, पिंपळ, पळस पाने उतरवतात. साग थोडा आधीपासून सुरुवात करतो. आंबा आणि संत्रा तर एकाच वेळी कधीच उघडे होत नाहीत. म्हणजे पानगळ तिकडेही आहे आणि इकडेही आहे, पण कारण वेगळे आणि महिना वेगळा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पानगळ मार्च ते मे या महिन्यांत होते, कारण पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात ऋतू उलटे असतात. एकाच तक्त्यावर सगळ्या जगाचा ‘ऑटम’ बसत नाही, हे एवढ्यावरूनही कळते.

यातले काहीही चार वर्षांच्या मुलाला सांगायचे नाही. पृथ्वीचा कललेला आस, हरितद्रव्य हे शब्द त्याच्या वयाचे नाहीत. त्याला फक्त खोटे सांगायचे नाही.

तीन ऋतू पुरेत

सहा ऋतूंची नावे पाठ करून घेण्याचाही आग्रह नसावा. आपल्या घरांत प्रत्यक्षात तीनच ऋतू बोलले जातात: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. आजी कधी ‘हेमंत आला’ म्हणत नाही. फार कमी लोकांच्या लक्षात येते की पालि साहित्यातली नेहमीची मांडणीही हीच आहे. वस्सान, हेमंत आणि गिम्ह, प्रत्येकी चार महिने. सिद्धार्थासाठी तीन ऋतूंचे तीन प्रासाद बांधले होते, असे अंगुत्तर निकायातल्या सुखुमाल सुत्तात येते. विहारातल्या मुलांना ही गोष्ट बहुधा माहीत असते. म्हणजे घरची भाषा आणि धम्माची भाषा इथे एकच आहे, आणि शाळेचा चार ऋतूंचा तक्ता तेवढा परका आहे.

मग शरद कुठे बसतो? पालि सुत्तांत ‘सरद’ हा शब्द वर्षाकाळाच्या शेवटच्या महिन्यासाठी येतो. ढग निघून गेले आहेत, आकाश धुतल्यासारखे निवळले आहे, असा तो काळ. इतिवुत्तकात मैत्रीचा प्रकाश कसा असतो हे सांगताना याच निरभ्र शरदातल्या सूर्याची उपमा दिली आहे. धम्मपदात शरदातले कुमुद आहे, शरदात टाकून दिलेले भोपळेही आहेत. गंमत अशी की तक्त्यावर भोपळा आहेच, पण तो दुसऱ्याच गावचा.

म्हणून आमचे म्हणणे असे की मुलांना शरद हा चौथा ऋतू म्हणून शिकवू नये, सांधा म्हणून शिकवावा. पाऊस गेला, थंडी अजून यायची आहे, मधले हे दिवस. नागपूरच्या मुलाला ते लगेच पटते, कारण याच मधल्या दिवसांत त्याला दुपारी घाम येतो आणि पहाटे चादर ओढावीशी वाटते.

पाहायचे काय

पाऊस गेला हे ओळखायचे कसे, इथून सुरुवात करता येते. नागपुरातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. विहाराच्या आवारात शेवटच्या पावसाचे डबके साचले असेल तर त्याच्याभोवती खडूने किंवा विटेच्या तुकड्याने रेघ मारावी. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या आत सरकलेले असते, तिसऱ्या दिवशी आणखी. दोन रुमाल एकाच वेळी ओले करून एक उन्हात आणि एक सावलीत वाळत घालावा. मुले अधूनमधून जाऊन हात लावून बघतात. जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते, हे त्यांना आईच्या बोलण्यातून आठवते. बेडकांचा आवाज बंद झाला का, हा प्रश्न घरी विचारायला द्यावा. शहरात आता बेडूक सगळीकडे उरले नाहीत, पण नाग नदीच्या आणि तलावांच्या कडेने राहणाऱ्या मुलांकडून उत्तर येईल.

दुसरी गोष्ट सावलीची. ही आम्हाला सगळ्यांत आवडते, कारण तिला काहीही खर्च नाही आणि ती कधी फसवत नाही. मोकळ्या जागेत एक सरळ काठी रोवावी. ऑक्टोबरच्या मध्यावर नागपुरात सूर्य जवळपास बरोबर १२ वाजता सर्वांत वर येतो. तेव्हा काठीची सावली उत्तरेकडे पडते आणि काठीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. पुढच्या रविवारी त्याच वेळी दुसरा खडा. खडे हळूहळू पुढे सरकत जातात, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सावली जवळजवळ काठीएवढीच लांब होते. थंडी जवळ येते आहे हे मुलांना खड्यांच्या रांगेवरून दिसते. लंडनमध्ये उजेड कमी होतो, आपल्याकडे सावली वाढते, कारण दोन्हीकडे एकच. मुलांना ते कारण पुढे सातवी-आठवीत भूगोलाच्या तासाला कळेल. तोवर खड्यांची रांग त्यांच्या ओळखीची झालेली असेल.

फुले आणि फळे तर दारातच असतात. पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो. पाने गळत नसली तरी गळते काही तरी, ते हेच. पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ वेगळे करणे हे लहान बोटांसाठी उत्तम काम आहे. रिकाम्या जागेत तरोट्याच्या बारीक शेंगा, ओढ्याकाठी कासाचे पांढरे तुरे. नदीकाठी, गटाराच्या कडेने शेपटी वर-खाली करत चालणारा परीट पक्षी याच सुमारास उत्तरेकडून येतो. त्याला काही जण धोबी म्हणतात. तक्त्यावरच्या खारीऐवजी हा पक्षी मुलांना स्वतः शोधता येतो. बाजारात शिंगाडे येतात, हिरवट-जांभळे, काटेरी, तलावातून ढिवर बांधवांनी काढलेले. सीताफळ येते. आंबिया बहाराची संत्री यायला लागतात. शिंगाडा सोलून खायचा, सीताफळाच्या बिया मोजायच्या, संत्र्याच्या फोडी सगळ्यांनी वाटून घ्यायच्या. मोजणी, चव, स्पर्श आणि दान, एका सकाळी होऊन जाते.

दीक्षाभूमीवरचे पाहुणे

याच दिवसांत आपल्या शहरात जे घडते, ते मात्र बालवर्गाच्या तक्त्यावर आमच्या पाहण्यात क्वचितच आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. तेव्हापासून दर वर्षी या दिवसांत लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. मूल ते पाहते. पांढरे कपडे, निळे आणि पंचरंगी झेंडे, डोक्यावर गाठोडे घेतलेल्या आजी, पुस्तकांचे स्टॉल, रस्त्याकडेला भोजनदानाच्या रांगा. शाळेतल्या ऑक्टोबरच्या चित्रात यातले काहीच नसते. रावण असतो, गरबा असतो, कंदील असतो, भोपळाही असतो. मुलाने यावरून काय समजावे? आपल्या घरी जे होते ते शाळेत सांगण्यासारखे नसते, असेच ना?

पण याचा अर्थ असा नाही की चार वर्षांच्या मुलाला बसवून दीक्षेचा इतिहास ऐकवावा. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ करून व्यासपीठावर उभे केलेले लहान मूल पाहून आपण टाळ्या वाजवतो. त्या मुलाला त्यातले किती कळलेले असते, हा विचारही करायला हवा. त्याच्या वयाला साजेसे काम वेगळे आहे. विहारांत आणि घरांत बाहेरगावचे पाहुणे उतरतात, कुणी यवतमाळहून, कुणी वाशीमहून, कुणी नांदेड-परभणीकडून. मुलांनी त्यांच्याजवळ जाऊन जयभीम करावा आणि एकच प्रश्न विचारावा: आजी, तुमच्या शेतात आता काय आहे? उत्तरे येतात. सोयाबीन काढून झाले. पऱ्हाटीला बोंडे फुटायला लागली. तूर अजून हिरवी आहे. भंडारा-गोंदियाकडची आजी असेल तर म्हणते, धान पिवळे पडले. कुणाच्या पिशवीत कापसाचे बोंडही निघते. यापेक्षा चांगला ऋतूंचा धडा कोणता छापील संच देणार? शिवाय मूल हेही शिकते की शेतात राबणारी, कदाचित निरक्षर असलेली ही आजी शिक्षिका आहे.

विजयादशमी कधी २४ ऑक्टोबरला येते, जशी २०२३ मध्ये आली, तर कधी २ ऑक्टोबरला, जशी २०२५ मध्ये आली. १४ ऑक्टोबर मात्र जागचा हलत नाही. एक तारीख चंद्राची, एक सूर्याची. हे मुलांना समजावण्याच्या भानगडीत न पडता चंद्र दाखवावा. विजयादशमीच्या संध्याकाळी तो अर्ध्याहून मोठा असतो आणि पाच दिवसांनी आश्विन पौर्णिमेला पूर्ण गोल होतो. रोज सातच्या सुमारास अंगणात जाऊन कागदावर त्याचा आकार काढायचा. आकाश निवळलेले असल्याने ढगांचा त्रास सहसा होत नाही. पाच कागद शेजारी-शेजारी लावले की चंद्र भरत गेलेला दिसतो. रोज त्याच वेळी तो थोडा पूर्वेकडे आणि खाली दिसतो, हे एखादे चौकस मूल आपणहून सांगेल.

पाऊस, वर्षावास आणि चीवर

आश्विन पौर्णिमेला भिक्खूसंघाचा वर्षावास संपतो. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू एके ठिकाणी राहतात. का, याची विनयातली गोष्ट मुलांना फार आवडते, कारण ती त्यांच्या पायाखालची आहे. पावसात चारिका केली की हिरवे अंकुर आणि लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तथागतांनी पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा नियम घातला. गांडूळ, गोगलगाय आणि मखमली किडा जुलैत पाहिलेल्या मुलाला हे वेगळे समजवावे लागत नाही. आता जमीन वाळली, रस्ते मोकळे झाले, भिक्खू पुन्हा चालू लागतात. शरद ऋतू म्हणजे काय, याचे बौद्ध घरातले उत्तर एवढे सोपे आहे.

मग कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठीण चीवरदानाचा महिना. श्रीलंकेत आश्विन पौर्णिमेला ‘वप’ पोया म्हणतात आणि त्यापुढच्या महिन्याला चीवराचा महिनाच म्हणतात. त्या देशात तर पानगळीचा ‘ऑटम’ मुळी नाही. कठीण चीवराचा नियम असा की कापड मिळाले की त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून चीवर पूर्ण करायचे. आणि चीवर तुकड्यांचे का असते? तथागतांनी मगधातली शेते पाहिली, त्यांचे चौकोन आणि मधले बांध पाहिले, आणि आनंदाला तसे चीवर बेतायला सांगितले, असे विनयात नोंदले आहे. पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्या रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेल्या मुलासमोर चीवर पसरून धरले की ते स्वतःच म्हणते, हे तर शेत आहे. विहारातल्या भन्तेजींना विनंती केली तर ते नक्की दाखवतील.

इथे प्राजक्ताचे देठ कामाला येतात. ते कोमट पाण्यात काही वेळ ठेवले की पाणी केशरी होते. हा रंग पूर्वी भिक्खूंची चीवरे रंगवायला वापरत असत. मोठ्यांनी पाणी तापवून द्यावे, मुलांनी पांढऱ्या सुती कापडाचे लहान तुकडे त्यात बुडवावेत, वाळल्यावर ते कागदावर शेतासारखे चिकटवावेत. रंग फिका येतो आणि पुढे उडतो. उडू द्यावा, मुलांची त्याबद्दल काही तक्रार नसते. मेपलच्या पानात भरलेल्या लाल रंगापेक्षा या फिक्या केशरी रंगामागे त्यांनी पहाटेपासून केलेले काम असते.

अंगणातली शाळा

‘किंडरगार्टन’ हा शब्द जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० मध्ये दिला. अर्थ मुलांची बाग. ते मुलांना बागेत नेत, लहान वाफे करायला देत, भोवतालचा निसर्ग दाखवत. त्यांच्या गावाभोवती ऑक्टोबरात पाने गळत होती, म्हणून तिथल्या मुलांना ती दाखवणे योग्यच होते. आपण फ्रोबेल यांची रीत घेतली असती तर नागपूरची मुले बाहेर अंगणात असती. आपण रीत सोडली आणि त्यांच्या अंगणातली पाने तेवढी उचलली.

महाराष्ट्रात हे काम कसे करायचे ते ताराबाई मोडक यांनी दाखवून दिले आहे. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बाल शिक्षण संघ, पुढे १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड, सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडत नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, दगडगोटे, बिया, पाने वापरली. आणि गरीब, दलित वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. आज सरकारी योजनेमुळे हा शब्द घरोघरी आहे. त्याचा उगम आपल्या वस्त्यांच्या अंगणात आहे, हे मात्र कार्यकर्त्यांनाही फारसे ठाऊक नसते.

शाळेशी बोलायचे असेल तर आधारही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तो ३ ते ८ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे आणि घरची भाषा, खेळ व भोवतालचा परिसर यांवर भर देतो. पालकसभेत भांडण करण्याऐवजी एक प्राजक्ताची परडी आणि एक शिंगाड्याची पिशवी घेऊन जावे आणि म्हणावे, बाई, या आठवड्यात हे लावता येईल का? बहुतेक बाई आनंदाने हो म्हणतात, कारण साहित्य आयते मिळते. ‘ऑटम’ हा शब्दही शिकवावा, त्याला आमचा विरोध नाही. एखाद्या मुलाचा मामा किंवा आत्या कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये असेल तर त्यांना व्हिडिओ कॉलवर तिथली लाल पाने दाखवायला सांगावे, आणि इकडून संत्री दाखवावीत. तिकडे असे असते, इकडे असे. दोन्ही खरे.

पान मेले का?

पानगळीचा धडा त्याच्या वेळेला, फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावा. तेव्हा एक प्रश्न हमखास येतो आणि त्याची तयारी असावी. पान मेले का? झाडाला दुखले का? अशा वेळी आपल्यातल्या काहींना ‘सर्व अनित्य आहे’ हे सांगण्याची घाई होते. सांगू नये असे नाही, पण वर्गात कुणाचे आजोबा नुकतेच गेलेले असतात, कुणाचे वडील. मुलाने विचारले तेवढेच, खरे आणि थोडक्यात सांगावे. हो, हे पान आता पुन्हा हिरवे होणार नाही. झाडाला दुखले नाही, त्याने पाणी वाचवायला पान सोडले. मग त्याच फांदीजवळ नेऊन दाखवावे. पिंपळाला त्याच दिवसांत तांबूस, तुळतुळीत कोवळी पालवी येते, आठवड्याभरात आकार मोठा होतो, रंग हिरवा होतो. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे. मुलांना तिथे नेता आले तर उत्तम, नाहीतर वस्तीतला कोणताही पिंपळ चालतो. कुणी रडले तर धडा थांबवावा आणि त्याच्याजवळ बसावे.

याच वेळी संयुत्त निकायातली कोसंबीची गोष्ट सांगता येते. तथागतांनी शिंसपा वृक्षाची थोडी पाने मुठीत घेतली आणि भिक्खूंना विचारले, मुठीतली पाने जास्त की वनातली? बालवर्गात ‘कमी-जास्त’ हा गणिताचा धडा असतोच. मुले आपल्या मुठीतली पाने मोजतात, मग वर झाडाकडे बघतात. गोष्टीचा पुढचा अर्थ मोठेपणी कळेल.

तोवर ऑक्टोबरपासूनचे चंद्राचे कागद, केशरी तुकडे आणि सावलीच्या मापांची वही एका पिशवीत विहारातच ठेवावी. होळीच्या सुमारास आवारात पाला साचला की तो पेटवून धूर करण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी कोपऱ्यात एक खड्डा खणावा, मुलांना टोपलीने पाला आणून त्यात टाकू द्यावा, वर थोडी माती आणि पाणी. पावसाळा येईपर्यंत त्याचे बरेचसे खत होते. आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना, त्यातच रोप लावता येते. कोणते लावायचे ते मुलांना विचारावे. आम्हाला विचाराल तर प्राजक्त.